कोनाची माय पायजे?

पत्रा उडाला तेव्हा पार्वता परकरावर होती आणि समोरून मॅडमची जीप येत होती.

पत्रा म्हणजे पाळणाघराचं छप्पर. आधी एका कोपऱ्यातून उचललं, मग थाळ्या आपटल्यासारखं वाजलं आणि मग खिळे उपटून मुरुमाच्या ढिगाऱ्यापलीकडं गेलं. आत लेकरं होती. धुळीनं हाताला हात दिसत नव्हता. मी दोन तान्ही छातीशी धरून उभी, तोंडात रेती, आणि पार्वता अंगावरचं लुगडं सोडून त्याला पीळ घालत होती. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. ते आधीपासून फिरलेलं आहे असं सगळ्या कॅम्पाचं मत होतं, त्यामुळं मी फार घाबरले नाही. नुसती ओरडले, “पार्वते, मॅडमची जीप आली व. नेस नं काहीतरी.”

ती म्हणाली, “त्याइले म्हना थांबा. लुगडं ड्युटीवर आहे.”

आता हे समजायचं तर आधी पार्वता समजली पाहिजे. ती काही एका दमात समजणारी बाई नव्हती.

भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी विदर्भातल्या. मी भंडाऱ्याकडची, ती चांद्याकडची. आमचे नवरे खलाशी. खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत, दोरखंड आणि कप्प्या लावून लोखंड वर चढवणारे. कॅम्पात आमच्या खोल्या एका भिंतीला लागून होत्या. तिकडं तिनं कांदा परतला की इकडं माझ्या डोळ्यांना पाणी यायचं.

कारखान्याच्या कामावर बाया पुष्कळ. माती, विटा, गिट्टी डोक्यावरून वाहायच्या. त्यांना रेजा म्हणत. त्यांची लेकरं दिवसभर उन्हात पडायची, म्हणून बांबूच्या तट्ट्यांचं एक पाळणाघर बांधलं, वर पत्रा टाकला, वरच्या आडव्या लाकडी बल्लीला जुन्या साड्यांच्या झोळ्या टांगल्या. तिथं आम्ही दोघी आया म्हणून लागलो. मी लागले कारण माझ्या बेबीला सोबत नेता येत होतं. बेबी तेव्हा नुकती चालायला शिकली होती आणि चालून थेट चुलीकडं जायची. पार्वता का लागली ते मला माहीत नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या पगारात दोघांचं भागत होतं. मी विचारलं तर म्हणाली, “घरी बसून काय भितीशी बोलू?” आणि त्या भिंतीच्या पलीकडं मीच राहत होते.

तिच्याकडं कामाचं लुगडं एकच. नऊवारी, पांढरं, बोटभर निळा काठ. नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा घेतलेलं. ट्रंकेत दुसरी होती, हिरवं होतं, वांगी रंगाचं होतं, पण कामावर हेच. रोज संध्याकाळी धुवायचं, सकाळी तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवायचं आणि नेसून निघायचं. पांढरं लुगडं पाहून नव्या बाया हळहळायच्या. एकदा एकीनं गळ्यात गळा घालून विचारलं, “बाई, नवरा कधी गेला?”

पार्वता म्हणाली, “सकाळच्या भोंग्याले. जेवाले येते.”

आता मुद्द्याची गोष्ट. नऊवारीखाली आमच्याकडं कोणी परकर घालत नाही. पार्वता घालायची. कॅम्पातल्या बाया त्यावरून हसायच्या, की ही लुगड्याला अस्तर लावते. पण तिचा नाइलाज होता, कारण तिला दिवसातून चार-पाच वेळा लुगडं सोडावं लागायचं.

पाळणाघरातली लेकरं साऱ्या मुलखाची. छत्तीसगडी, तेलुगू, ओडिया, बिहारकडची, एक बंगालकडची. आमची मराठी. लेकरू रडलं की पार्वता मधोमध उभी राहायची, कमरेवर हात ठेवून, दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारायची, “हं, कोनाची माय पायजे?”

लेकरू काय सांगणार. ते नुसतं भोकाड पसरायचं. मग ही त्याच्या तोंडाकडं पाहायची, म्हणायची, “थांब, तुही माय होतो,” आणि कोपऱ्यातल्या तट्ट्यामागं जायची. आमच्याकडं बायाही येतो, जातो असंच म्हणतात, त्यात काही नवल नाही. नवल ती बाहेर यायची त्यात होतं.

रेजा नरसम्माचा तान्हा चिन्ना रडत असला तर तेलुगू बाई होऊन यायची. काष्टा घातलेला, पदर पाठीवरून आणून कमरेला करकचून खोचलेला. सुकवारोची पोरगी रडत असली तर छत्तीसगडी, लुगडं आखूड, पदर छातीवरून आडवा. बिहारच्या लेकरासाठी उजव्या खांद्यावरून पुढं सोडलेला पदर आणि डोक्यावर घुंघट. बंगाली लेकराला समोर निऱ्या चालत नाहीत, असं तिचं म्हणणं. त्याच्यासाठी ती नुसते वेढे घ्यायची आणि पदराच्या टोकाला दुधाचा चमचा बांधून खांद्यावर टाकायची. त्यांच्या बाया किल्ल्या बांधतात. पार्वताकडं कुलूपच नव्हतं, तर किल्ल्या कुठल्या.

नऊ वार म्हणजे पुष्कळ कापड. बंगाली झाली की अर्धं लुगडं पोटाशी कोंबलेलं असायचं आणि ती सात महिन्यांची दिसायची. पण तोरा असा की जन्म कलकत्त्यात गेला.

मी म्हणायचे, “कायले येवढं करतं? थोपटलं का झोपते लेकरू.”

“थोपटनारा हात कोनाचा आहे ते नको दिसाले त्याले?”

“त्याले अजून डोळे नीट उघडता येत नाही.”

“उघडन तेव्हा चुकीची माय दिसाले नाही पायजे.”

आणि खरं सांगायचं तर लेकरं गप बसायची. मग मी बोलणं सोडलं. माझ्या बेबीसाठी मात्र ती कधी मराठी झाली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “तुह्या बेबीची माय इथंच बसली आहे, रिकामी. तूच उठ.”

या नेसण्याच्या वेडाचा त्रास तिच्या नवऱ्यालाही झाला. गरीब माणूस. एकदा दुपारी तो सुटून घरी येत होता आणि ही पंपाच्या शेडजवळून बंगाली पदर घेऊन दूध आणायला निघालेली. समोरून कोणी भद्र बाई येते आहे असं पाहून तो रस्त्यावरून खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, “नमस्ते माताजी.” ही म्हणाली, “जेवन झाकून ठेवलं आहे,” आणि पुढं गेली. तो नंतर माझ्या नवऱ्याला सांगत होता, “गड्या, माही बायको घरी एकटी असते का पाच जनी, मलेच समजत नाही.”

नवऱ्यानं सोसलं. हजेरीबाबूनं नाही सोसलं.

हा हजेरीबाबू म्हणजे कामगारांची हजेरी लावणारा, उत्तरेकडचा, पान खाणारा, मान वर न करणारा. तो यायचा, दारातून बायांचे पाय पाहायचा आणि हजेरी लावून जायचा. माझी लागायची. पार्वताची कधी लागायची, कधी नाही. तो मराठी बाई शोधायचा आणि आत तेलुगू बाई दिसायची. एक दिवस त्यानं मान वर केली.

“वो मराठिन कहाँ गई? और ये तेलुगु बाई किसने भर्ती की?”

“मयच हूँ बाबूजी,” पार्वता म्हणाली.

“कल तो यहाँ एक बंगालिन थी.”

“वो भी मयच.”

“तो हर साड़ी की हाजिरी अलग लगेगी क्या?”

“लगा देव. मय नाही नाही बोलनार.”

त्याला वाटलं, ही थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की चार हजेऱ्या लागायला हरकत नाही. त्यानं वर कळवलं की पाळणाघरात एका बाईच्या नावावर रोज वेगळीच बाई काम करते.

म्हणून मॅडम आल्या.

मॅडम बायांच्या कामाच्या जागा बघायच्या, पाणी आहे का, सावली आहे का. पुण्याकडच्या, शिकलेल्या, मनानं वाईट नव्हत्या. पाचवारी साडी, आणि अंगावर इतक्या पिना की भिंतीला लावल्या असत्या तर कॅलेंडरासारख्या टांगून राहिल्या असत्या. त्यांनी पाळणाघर पाहिलं, लेकरं पाहिली, झोळ्या ओढून पाहिल्या. मग पार्वताकडं पाहिलं. पार्वता तेव्हा अर्धी होती. म्हणजे खालून तेलुगू झाली होती, वरून अजून बिहारी होती.

“पार्वताबाई,” मॅडम म्हणाल्या, “तुमचं काम चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कामावर शिस्त हवी. माणूस एका नजरेत ओळखू आला पाहिजे.”

पार्वतानं एका हातानं जवळची झोळी हलवली.

“शनिवारी मी सगळ्यांना सारख्या साड्या आणून देणार आहे. सोमवारपासून ती साडी, आणि नेसायची एकच पद्धत. माझ्यासारखीच नेसा असं मी म्हणत नाही. तुमची स्वतःची जी पद्धत असेल ती ठेवा, पण एकच.” मग जरा थांबून मॅडमनी विचारलं, “तुमची स्वतःची पद्धत कोणती?”

   हातातला पदर खांद्यावर न्यावा की कमरेला, हेच पार्वताला समजेना. तो तसाच हातात राहिला.

“सोमवारी दाखवा,” मॅडम म्हणाल्या. “त्यानंतर पुन्हा तक्रार आली तर मला दुसरी बाई बघावी लागेल. मला ते आवडणार नाही.”

मॅडम गेल्या. मी म्हटलं, “सोपं आहे. आपल्यासारखं नेस. मी नेसतो तसं.”

“हे तुहं आहे,” ती म्हणाली.

“माहं काय, साऱ्या मुलखाचं आहे.”

“मंग माहं कोनतं?”

मी म्हटलं, हिला ऊन लागलं. पाणी दिलं. तिनं ते चिन्नाला पाजलं.

ते तीन-चार दिवस ती कोणाचीच आई झाली नाही. लुगडं कसंतरी गुंडाळून यायची, कामं करायची. मधोमध उभी राहून कोणाची माय पाहिजे ते विचारायची नाही. लेकरू रडलं की नुसती उचलून घ्यायची. नोकरी गेली असती तर ती उपाशी मेली नसती. पण तिचा नवरा सांगायचा, ही झोपेत लेकरांची नावं घेते, आणि एक नाव घेऊन झालं की मध्येच दुसऱ्या भाषेत जाते. अशा बाईला पाळणाघरातून काढलं असतं तर ती कुठं गेली असती? पुन्हा भिंतीशीच बोलली असती. आणि मला ऐकावं लागलं असतं.

मग शनिवार आला, आणि दुपारी अंधड आलं, धुळीचं वादळ.

भिलाईचं उन्हाळ्यातलं अंधड ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सगळा मुलूख तेव्हा खणून ठेवलेला. झाड नाही, गवत नाही, नुसती मोकळी माती. वारा सुटला की ती सगळी एकदम उठायची. आधी जामुल गावाकडचं आभाळ लाल झालं. मग ते आमच्याकडं चालत आलं. तट्टे वाकायला लागले. पत्रा वाजायला लागला आणि आम्ही दोघींनी वर पाहिलं. वाऱ्यानं पत्रा गेला तर आत राहण्यात अर्थ नव्हता, कारण बल्ल्या लेकरांवरच पडल्या असत्या. बाहेर, थोड्या अंतरावर, नाल्यासाठी आणलेला सिमेंटचा मोठा नळ आडवा पडला होता. आत माणूस बसू शकेल एवढा. तिथं जायचं. पण चालती लेकरं त्या धुळीत सोडली असती तर परत सापडली नसती. आणि हात आमचे दोघींचे मिळून चारच.

तेव्हा तिनं लुगडं सोडलं.

पीळ घातला आणि एकेका लेकराच्या कमरेला वेढा देऊन गाठ मारत गेली. सुकवारोची पोरगी, माझी बेबी, बिहारी भाऊ-बहीण, ओडिया पोरगा, बंगाली, सगळी एका माळेत. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं तिच्या मनगटाला. तान्ही दोन माझ्याकडं, एक तिच्या कडेवर, आणि चिन्ना अजून झोळीत.

पत्रा ती पीळ घालत होती तेव्हाच उडाला होता, आता जीप येऊन थांबली. मॅडम खाली उतरल्या, तोंडावर रुमाल धरून. “कोण आहे आत?” म्हणून दारात आल्या आणि समोर पार्वता, परकर आणि पोलकं, केस मोकळे, मागं लेकरांची माळ. मॅडम थबकल्या. पार्वतानं झोळीतून चिन्ना काढला आणि त्यांच्या हातात दिला.

“धरा,” ती म्हणाली, “आन माह्या मागं या.”

मॅडमनी धरला आणि मागं आल्या. त्यांनाही दुसरं सुचलं नाही.

जीपमध्ये साड्यांचा गठ्ठा होता. एकसारख्या, राखाडी, आमच्या शिस्तीच्या. आम्ही नळाकडं जात असताना त्या सुटल्या आणि एकामागून एक आभाळात गेल्या. त्यातली एक नंतर क्रेनच्या शेंड्याला गुंडाळलेली दिसली. माझा नवरा वर चढून ती काढायला गेला तर चिंध्या हातात आल्या.

नळात आम्ही सगळे बसलो. ओडिया पोरानं माझ्या मांडीवर मुतून घेतलं. जीपवाला पण आत आला, पण परकरावरची बाई बसलेली पाहून तो बिचारा पूर्ण वेळ आमच्याकडं पाठ करून, गमछा डोक्यावर घेऊन बसला. वारा नळाच्या तोंडावर असा वाजत होता की कोणीतरी प्रचंड बाटली फुंकतं आहे. बाहेर काय काय पडत होतं त्याचा आवाज येत होता. आमच्या बल्ल्या पडल्या तोही आला. पार्वता कमरेच्या गाठींवर हात फिरवत लेकरांची नावं घेत होती. पुन्हा पुन्हा तीच. लेकरू ओ देत नसेल तर चिमटा काढत होती.

आणि चिन्ना मॅडमच्या मांडीवर रडत होता. रडणं कसलं, काळंनिळं होत होता. मॅडमनी थोपटलं, हलवलं, अंगाई म्हटली. त्यांची अंगाई चांगल्या चालीतली होती, पण चिन्नाला पुण्याची चाल कळेना.

पार्वता म्हणाली, “मॅडम, तुमचा पदर द्या.”

“पदर?”

“तेलुगू करतो.”

मॅडमनी दिला. पिना होत्याच, त्या पार्वतानं दातांनी काढल्या. पदर पाठीमागून फिरवला, कमरेला खोचला, वरचा भाग ताणून घेतला. मॅडम नरसम्माच्या मोठ्या बहिणीसारख्या दिसायला लागल्या. चिन्नानं एक डोळा उघडला, मॅडमकडं पाहिलं आणि दुप्पट रडला.

पार्वतानं तो पदर सोडून बिहारी केला. मग बंगाली केला. मॅडम इकडून तिकडं वळत होत्या. चिन्ना रडतच होता. शेवटी मी म्हटलं, “राहू दे व, त्याइले तरी थोडा श्वास घेऊ दे.” आणि माझ्या कमरेशी लुगड्याचं जे टोक उरलं होतं, घामानं आणि लाळेनं ओलं, मातीनं काळं, ते त्याच्या तोंडात दिलं. त्यानं ते दोन्ही मुठींनी धरलं, चोखलं, एक उचकी दिली आणि झोपला.

मी पार्वताकडं पाहिलं. पार्वतानं माझ्याकडं पाहिलं नाही.

अंधड जसं आलं तसं गेलं. आम्ही बाहेर आलो तर पाळणाघराच्या जागी तट्ट्यांचा ढीग. चारही बाजूंनी रेजा बाया धावत येत होत्या, डोक्यावरच्या चुंबळी अजून डोक्यावरच. सुकवारो सगळ्यांच्या पुढं, “मोर नोनी, मोर नोनी” करत. त्यांच्याकडं लाडानं पोरीला नोनी म्हणतात. तिची नोनी माळेत पहिलीच होती आणि माती खात होती.

लेकरांनी ओढून ओढून गाठी इतक्या आवळल्या होत्या की सुटेनात. मग जीपवाल्यानं पाठ करूनच चाकू दिला. पार्वतानं स्वतः कापलं. एक लेकरू मोकळं, एक तुकडा गेला. दुसरं मोकळं, दुसरा तुकडा. बाया लेकरं उचलून घ्यायच्या, कमरेला लुगड्याचा तुकडा तसाच. शेवटी पार्वताच्या मनगटाला वितभर चिंधी उरली आणि ती सगळ्या बायांमध्ये परकरावर उभी राहिली. तेव्हा कुठं तिला लाज वाटली. खाली बसायला लागली.

नरसम्मानं तिला दंडाला धरून उभं केलं. ढिगाऱ्यातून दोन झोळ्या ओढून काढल्या. झोळ्या म्हणजे जुन्या साड्यांचे अर्धे तुकडेच. एक नरसम्मानं तिच्या कमरेला नेसवायला घेतली, काष्टा घालून. दुसरी सुकवारोनं वरून, आडवी. बिहारी बाई म्हणाली, डोकं उघडं कसं, आणि तिनं आपला गमछा डोक्यावर टाकला. एकीचं दुसरीला पटत नव्हतं. एक ओढायची, एक सोडायची, भाषा साऱ्यांच्या वेगळ्या. पार्वता मधोमध, हात बाजूला पसरून उभी. तिनं कशालाही नको म्हटलं नाही. लहान पोरीला आई फ्रॉक घालते तेव्हा ती उभी राहते तशी उभी होती. 

तशीच ती घरी आली. वाटेत तिचा नवरा भेटला, तिला शोधत धावत येत होता. या वेळी त्यानं बरोबर ओळखलं. कसं ओळखलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी रविवार. दारात खाटेवर बसून आम्ही तांदूळ निवडत होतो. मी पोटात ठेवणारी बाई नाही. मी म्हटलं, “काल पाहिलं ना. चिन्नाले तेलुगू माय नोयती पायजे. बंगाली पन नाही. त्याले ते लुगडं पायजे होतं. तुह्या लुगड्याचा वास. इतके दिवस सारी सोडासोडी फुकटच केली तू.”

ती म्हणाली, “मले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तेच. पयल्या महिन्यातच समजलं. कसंही नेसलं तरी गप बसत. म्हनून तर लुगडं बदलवत नोयतो.”

“मंग कावून करत होती?”

तिनं एक खडा काढला, दूर फेकला.

“माह्या मायले वरच्या जातीचे लोक लुगडं घोट्याच्या खाली नेसू देत नोयते,” ती म्हणाली. “गावातली रीत. घोटा दिसला पायजे. दुरून ओळखू आली पायजे, कोन चालली ते. मॅडम म्हनते नं, एका नजरेत. तसंच. काठाचं नेसलं तर वरून माती लावा लागे. मी बी लहानपनी तसंच नेसलो. मॅडमनं इचारलं, तुही रीत कोनती. कोनती सांगू? जे होती ते त्याइनं ठरवली होती.”

मला माहीत होतं. आमच्या गावातही तसंच होतं. पण आम्ही त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

“दीक्षेच्या दिवशी पयल्यांदा टाचेपर्यंत नेसलो,” ती म्हणाली. “सवय कुठं होती. पायात आलं आन मी पडलो, भर गर्दीत. उठलो आन हासत सुटलो. मंग इथं आलो तर इथं इतक्या बाया, इतक्या रीती. म्हटलं, एकेक सारी नेसून पाहू. कोनी रागवाले नाही.” मग म्हणाली, “लेकराइचं नाव सांगतलं, म्हनजे कोनी काही म्हनत नाही.”

 मी म्हटलं, “या तांदळात खडे लई आहेत.”

ती म्हणाली, “हो.”

सोमवारी आम्ही कामावर गेलो. पाळणाघर नव्हतं, म्हणून नळाच्या शेजारी ताडपत्री बांधून दिली होती. पार्वतानं ट्रंकेतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नेसलं होतं म्हणजे कसं, ते मी सांगते. खाली काष्टा, पण टाचेपर्यंत. वर पदर छातीवरून आडवा. त्याचं टोक डोक्यावर. आणि डोक्यावरून खाली आलेल्या टोकाला दुधाचा चमचा. रस्त्यानं लोक थांबून पाहत होते.

मॅडम आल्या, हजेरीबाबूला घेऊन. मॅडमच्या पिना कमी झाल्या होत्या. काही नळातच राहिल्या असतील. साड्यांचा गठ्ठा उडालाच होता, नवा यायला पुढं पावसाळा गेला. पण सोमवार तो सोमवार. त्यांनी विचारायचं ते विचारलंच.

“हीच का तुमची पद्धत?”

“हीच,” पार्वता म्हणाली.

“रोज हीच राहील?”

“रोज.”

मॅडमनी वरून खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. “पण ही कुठली पद्धत? असं कुठं नेसतात?”

“इथं,” पार्वता म्हणाली. “भिलाईत.”

 मॅडम हजेरीबाबूकडं वळून हिंदीत म्हणाल्या, की यापुढं तोंड बघून हजेरी लावत जा, साडीची लावू नका. तो म्हणाला, जी. आणि त्या दिवशी त्यानं आमची तोंडं पहिल्यांदा पाहिली. फारसा खूश झालेला दिसला नाही.

पार्वता ताडपत्रीखाली गेली, मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवले. चिन्ना रडतच होता. ती म्हणाली, “हं, कोनाची माय पायजे?” पण तट्ट्यामागं गेली नाही. तट्टाही नव्हताच. तशीच गेली आणि त्याला उचललं. नव्या लुगड्याचा वास त्याला ओळखीचा नव्हता. पुष्कळ रडला. मग सवय झाली.

बेबीच्या कमरेचा तुकडा मी बरेच दिवस ओटा पुसायला वापरला. सूत चांगलं होतं. बेबीचं घर आता इथंच भिलाईजवळ पद्मनाभपूरला आहे, मी तिच्याकडंच असते. तिला यातलं काही आठवत नाही. ती म्हणते, आई, तू वाढवून सांगतेस. वाढवून सांगायला मी काही शिकलेली नाही.

त्या अंधडात नळात होतो ते आम्ही सगळे जगलो. चिन्ना, सुकवारोची पोरगी, माझी बेबी, बाकीची लेकरं, मॅडम, जीपवाला, मी. पार्वताही जगली. लुगडं तेवढं गेलं.